विरून जाणारी पिशवी

सान रोमुआल्दोच्या बाजारात बायकांना काही नवं घ्यायचं झालं, भांडी घासायचा घासा म्हणा, दातांचा ब्रश म्हणा, नाहीतर वाढदिवसाच्या ताटल्या, तर आधी तार्खेलियाला विचारायची पद्धत पडली होती. वस्तू टिकेल का, किंमत वाजवी आहे का, हे सांगायला दुसरी माणसं होती. तार्खेलियाला विचारायचं ते एवढंच, की आपलं काम संपल्यावर ही वस्तू जाते कुठे.

ती काही शिकली-सवरलेली बाई नव्हती. सकाळी बाजारात ओर्चाता नावाच्या काढ्यासाठी लागणाऱ्या पाल्याच्या जुड्या विकायची, काढ्याला लाल रंग देणारी एस्कान्सेलची पानं स्वतःच्या हातांनी लावायची, आणि दुपारी बाजारामागच्या उतारावर जायची. तिथे नदीच्या बाजूला तिचे खताचे ढीग होते. तिच्या नवऱ्याने, लिसार्दोने, ते सुरू केले होते. तो गेल्यावर बाजारातल्या बायकांना वाटलं होतं, आता सालं आणि देठं पुन्हा नदीत जाणार. पण महिन्याभरात तार्खेलिया दंताळं घेऊन ढिगावर उभी राहिली आणि तेव्हापासून सहा वर्षं झाली, ती काही उतरली नाही.

परीक्षा घ्यायची तिची रीत अगदी सरळ होती. बूड काढलेलं फळांचं खोकं जमिनीत गाडायचं, त्यात खत भरायचं, वस्तू त्यात पुरायची आणि तीन महिने तिकडे फिरकायचं नाही. मग उकरायचं. उसाच्या चिपाडाची ताटली नाहीशी व्हायची. "कागदाच्या" पेल्याचा कागद जायचा आणि आतला पातळ चकचकीत पापुद्रा पेल्याच्याच आकारात उभा राहायचा. बांबूच्या ब्रशचा दांडा मऊ पडायचा, केस मात्र जसेच्या तसे. पाण्यात बुडवायची चहाची पुडी उकरली तर बारीक जाळी निघायची, आणि "नैसर्गिक" म्हणून विकलेले ओले रुमाल तर धुऊन पुन्हा वापरता आले असते. जे उरायचं ते ती ढिगांशेजारच्या दोरीवर चिमट्याने लटकवून ठेवायची. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं आणि काय ते समजावं. वर कुणी विचारलंच की मग घ्यायचं तरी कोणतं, तर तिचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असे, "घरात आहे ते आधी झिजव." बायका चिडवायच्या, हिचं ऐकलं तर अख्खा बाजार उठवावा लागेल.

बाजार उठायची वेळ खरोखर आली ती लास्तेनियावर. नगरपालिकेने साध्या प्लास्टिक पिशव्यांना बंदी घातली आणि लास्तेनियाचं दुकान होतं पिशव्या, पेले, सुतळी आणि पुठ्ठ्याच्या डब्यांचं. लास्तेनियाच्या मुलीला, यादिराला, बाप्तिस्म्याच्या वेळी तार्खेलियाने धर्ममाता म्हणून हातांवर घेतलं होतं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या आणि त्या नात्याला आता बावीस वर्षं झाली होती. लिसार्दो शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळला होता तेव्हा दर दुपारी दुकान बंद करून लास्तेनिया त्याच्या उशाशी बसायची, म्हणजे तार्खेलियाला डोळा मिटता येईल. हे तार्खेलिया विसरली नव्हती आणि विसरणारही नव्हती.

बंदीनंतर महिन्याभराने लास्तेनिया एक फिकट हिरवी पिशवी घेऊन उतारावर आली. ही विरून जाते म्हणाली. ग्वायाकीलहून मागवली होती. तार्खेलियाने ती चुरगाळून पाहिली, नाकाला लावली. साध्या पिशवीसारखीच लागत होती. तिने चार पिशव्या ठेवून घेतल्या आणि तीन महिन्यांनी ये म्हणून सांगितलं.

"एक आहे गं," लास्तेनिया म्हणाली. "कंपनीवाले सांगत होते, आधी तिला ऊन लागतं. दोन महिने छपरावर ठेवायची, मग पुरायची. उन्हाने ती जागी होते म्हणे."

तार्खेलियाने आजवर कुठल्याच वस्तूला आधी ऊन दाखवलं नव्हतं. वस्तू जशी माणसाच्या हातून पडते तशीच ती पुरायची, हा तिचा नियम होता. पण समोर लास्तेनिया उभी होती, तिचे डोळे रडून सुजलेले होते, आणि ऊन काय, फुकट मिळतं. तिने पिशव्या छपरावर टाकल्या, त्यांच्यावर दगड ठेवले. दोन महिन्यांनी पुरल्या. त्यानंतर तीन महिन्यांनी खोकं उकरलं तेव्हा आत काही नव्हतं. तिने बोटांनी चाळून पाहिलं, गुडघ्यांवर बसून पुन्हा एकदा चाळलं. काळंभोर, भुसभुशीत, जंगलाच्या वासाचं खत. पिशवीचा पत्ता नाही.

ती तशीच मातीने माखलेल्या हातांनी बाजारात गेली आणि लास्तेनियाच्या दुकानासमोर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गेली. काही उरलं नाही."

लास्तेनियाने तिला मिठी मारली. तिच्या पाठीवर तार्खेलियाच्या बोटांचे काळे ठसे उमटले ते दिवसभर तिने पुसले नाहीत.

पुढच्या रविवारी लास्तेनियाच्या घरी दोघींनी स्टिकर चिकटवले. लास्तेनियाने ते खास छापून घेतले होते. हिरवं पान आणि त्याखाली ओळ, "तार्खेलियाच्या मातीत विरलेली". स्वतःचं नाव छापील अक्षरांत बघून तार्खेलियाला आधी लाज वाटली, मग मजा वाटली. टेबलावर उमितांची, वाफवलेल्या मक्याच्या वड्यांची, थाळी होती, कॉफी होती, पिशव्यांच्या गठ्ठ्यांचा डोंगर होता. तार्खेलियाचा चष्मा बाजारात राहिला होता. ती हाताला येईल तिथे स्टिकर लावत होती आणि लास्तेनिया दर वेळी तिचा अंगठा धरून सरकवत होती. थोडा वर घे, इथे या बारीक ओळीवर बरोबर बसव, सगळे एकसारखे दिसले पाहिजेत. तार्खेलिया तिला हसली, तू लग्नाच्या पत्रिका चिकटवतेयस का म्हणून.

मग दिवस असे काही सुरळीत गेले की विचारू नका. बंदी पाळली जात होती आणि लास्तेनियाचं दुकान चालत होतं. आधी बायका सालं टोपलीतून आणून ढिगावर ओतायच्या, टोपली परत न्यायच्या. आता लास्तेनियाने सुचवलं की पिशवी विरतेच तर ती रिकामी करत कशाला बसायचं, पिशवीसकट टाकू दे. बायकांची सोय झाली आणि पूर्वी कंटाळा करणाऱ्याही कचरा आणू लागल्या. ढीग तिनाचे सात झाले. शाळेच्या बागेला खत गेलं, चर्चमागच्या गुलाबांना गेलं, आणि सगळ्यात जास्त गेलं ते वरच्या अंगाला राहणाऱ्या आसुन्सिओन किश्पेच्या वाफ्यांना. आसुन्सिओन ही डोंगरातल्या सारागुरो जमातीची बाई, काळ्या शालीला चांदीची पिन लावून शनिवारी कोथिंबीर, गाजरं, कांद्याची पात घेऊन उतरायची. बोलणं मोजकं. तार्खेलियाचं खत तिने पहिल्या वर्षापासून नेलं होतं आणि तिच्या गाजरांकडे बघूनच इतरांनी खत मागायला सुरुवात केली होती.

ढीग पालटताना दंताळ्याला हिरवे तुकडे लागायचे. तार्खेलियाला ते दिसत नव्हते असं नाही. दिसायचे आणि ती मनाशी म्हणायची, यांना ऊन कमी पडलं असेल, पुढच्या पालटीला जातील. पुढच्या पालटीला ते आणखी लहान झालेले असायचे, त्यापुढच्या पालटीला दिसेनासे व्हायचे. दीड वर्ष असंच चाललं.

एका शनिवारी आसुन्सिओन भाजी मांडायच्या आधी तार्खेलियाच्या पाटीपाशी आली आणि काचेची बरणी तिच्यासमोर ठेवली. बरणीत पाणी होतं आणि पाण्यावर हिरवट तवंग. पाटाचं पाणी वाफ्यात सोडलं की सरीच्या टोकाला हे साचतं, तिने सांगितलं. आधी तिला शेवाळ वाटलं होतं. पण शेवाळ बोटांत चोळलं की मरतं, हे चोळून मरत नाही.

तार्खेलियाने चष्मा लावला. बरणी उजेडात धरली. तवंग सुटा सुटा होता, नखाच्या टोकाएवढे, त्याहून लहान कपटे.

तिने पाटी शेजारणीच्या हवाली केली आणि ती उतारावर गेली. आसुन्सिओन मागोमाग आली. तयार खताच्या ढिगातून ओंजळभर खत घेऊन तार्खेलियाने बादलीत टाकलं, पाणी ओतलं, काठीने ढवळलं आणि थांबली. माती खाली बसली. काड्या, बियांची टरफलं वर आली, आणि त्यांच्यामध्ये, त्यांच्याभोवती, हिरवे कपटे. तिने दुसऱ्या ढिगातलं घेतलं, मग तिसऱ्या. शेवटी चिमूटभर कपटे वाळवून तिने चमच्यात ठेवले आणि काडी ओढली. पान जळलं असतं तर राख झाली असती. हे आकसलं, वितळलं, त्याचा एक थेंब झाला, आणि मेणबत्ती विझल्यावर येतो तसा वास आला.

पिशवी कुठे गेली नव्हती. तिचा नुसता चुरा झाला होता आणि तार्खेलियाने तो चाळून, पालटून, गावभर वाटला होता.

त्या क्षणीसुद्धा तिच्या मनात पहिला विचार आला तो लास्तेनियाचा. बिचारीला कळलं तर तिला काय वाटेल. ग्वायाकीलच्या कुण्या भामट्याने दोघींना फसवलं होतं, आता पत्ता काढून त्याला जाब विचारला पाहिजे. असं मनाशी जुळवत ती दुकानात गेली तेव्हा लास्तेनिया बँकेत गेली होती आणि यादिरा एकटी होती. तार्खेलियाने तिला कंपनीचा पत्ता मागितला. यादिरा म्हणाली पत्ता गठ्ठ्यावरच असतो, आणि मागच्या खोलीतून नुकत्याच आलेल्या खोक्यातला एक गठ्ठा आणून तिच्या हातात दिला.

त्यावर अजून स्टिकर नव्हता. जिथे हिरवं पान बसायचं तिथे बारीक अक्षरांत ओळ छापलेली होती. चष्मा नाकावरच होता. तार्खेलियाने ती वाचली. "उन्हाने तुकडे होतात. कंपोस्टमध्ये टाकू नये."

तिने ती पुन्हा वाचली आणि तिचा अंगठा त्या ओळीवर आपोआप गेला, त्या रविवारी लास्तेनियाने धरून सरकवला होता तसाच, थोडा वर, बरोबर या बारीक ओळीवर. शेकडो गठ्ठे. एकेक ओळ तिने स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या नावाने झाकली होती, उमिता खात, हसत.

"माद्रिना," यादिरा हळूच म्हणाली. लहानपणापासून ती आपल्या धर्ममातेला याच नावाने हाक मारायची. "तुम्हाला माहीत होतं ना? आई म्हणाली होती, तुम्हाला माहीत आहे."

तार्खेलियाने गठ्ठा दोन्ही हातांनी धरला. ती खोक्यावर बसली. लास्तेनिया येईपर्यंत ती तशीच बसून होती आणि यादिरा गल्ल्यामागे उभी राहून सुतळीचा गुंडा सोडत होती, गुंडाळत होती.

लास्तेनियाने आत येताच गठ्ठा पाहिला, मुलीचा चेहरा पाहिला आणि पाकीट खाली ठेवलं. सबबी सांगितल्या नाहीत, एवढं खरं. यादिराला तिने बाहेर पाठवलं आणि शटर अर्धं ओढलं.

"मक्याच्या पिठाच्या पिशव्या असतात, खऱ्या विरणाऱ्या," ती म्हणाली. "त्यांची किंमत विचारून आले होते मी. एकीने घेतली नसती या बाजारात. दुकान गेलं असतं."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू ती दोरीवर टांगली असतीस."

"हो. टांगली असती."

"मग." लास्तेनियाने हात पसरले. "आणि मी खोटं कुठे बोलले? गेली, काही उरलं नाही, हे तू बोललीस. माझ्या दारात उभी राहून बोललीस. मी तेवढंच छापलं."

ते खरंच होतं. तार्खेलियाला आत कुठेतरी सगळ्यात जास्त तेच लागलं. दुसऱ्या कुणी आणली असती तर तिने पिशवीला ऊन दाखवलं नसतं. दुसऱ्या कुणाच्या पिशवीचे तुकडे दंताळ्याला लागले असते तर ती त्याच दिवशी थांबली असती. लास्तेनियाला हे माहीत होतं, आणि म्हणूनच तिने कंपनीच्या पत्रकाऐवजी तार्खेलियाचं नाव वापरलं होतं.

"लिसार्दोच्या उशाशी बसायचीस तू," तार्खेलिया म्हणाली. लास्तेनियाने मान फिरवली आणि तेव्हा पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तार्खेलिया शटरखालून वाकून बाहेर पडली.

सोमवारी बाजार भरल्यावर ती मधल्या फरशीवर बादली घेऊन उभी राहिली. खत टाकलं, ढवळलं, सगळ्यांना जवळ बोलावून दाखवलं. गठ्ठ्यावरची ओळ मोठ्याने वाचली. सही केल्यासारखं सांगितलं की परीक्षेत मी माझा नियम मोडला, चूक माझी. पिशवीत कचरा आणू नका, टोपलीतून आणा. लास्तेनियाचं नाव तिने घेतलं नाही, पण ते न घेतल्याने काही लपणारही नव्हतं.

तिला वाटलं होतं बायका लास्तेनियावर चिडतील. काही चिडल्याही. पण बहुतेक चिडल्या त्या तिच्यावर. कोंबडीचं सूप विकणारी ओतिलिया म्हणाली, कंपनी कोण आणि लास्तेनिया कोण, आम्ही तर तुझ्या नावाकडे बघून घेत होतो. कुणीतरी विचारलं, स्टिकरमागे तुझा वाटा किती होता. कुणी म्हणालं, जाऊ द्या, नाहीतरी नदीत काय कमी प्लास्टिक आहे. बाजाराच्या व्यवस्थापकाने सांगितलं की पिशवीवर "विघटनशील" असं छापलंय, नियमात बसते, त्याच्याकडून काही अडचण नाही. आणि लास्तेनियाने दोन दिवसांत नवे स्टिकर आणले. हिरवं पान तेच. खालची ओळ तेवढी काढली होती. पिशव्या खपत राहिल्या.

शाळेने खत बंद केलं. सातही ढिगांवर तार्खेलियाने ताडपत्री घातली, दोऱ्या आवळल्या, आणि आता या काळ्या डोंगराचं करायचं काय हे कुणीच तिला सांगू शकलं नाही. पुरावं तर मातीत जाणार, फेकावं तर नदीत.

त्यानंतर तीन आठवडे ती रोज दुपारी आसुन्सिओनच्या शेतावर चढून जायची. वरचा वीतभर थर खरवडायचा, पाण्यात कालवायचा, कपटे गाळणीने काढायचे. दोघी मिळून दिवसाला जेमतेम एक वाफा होई आणि त्यातही सगळं निघायचं नाही. निघणारच नव्हतं. आसुन्सिओन तिच्या शेजारी बसून काम करायची, वेळेवर भाजलेला मका द्यायची, पण बोलायची नाही. शेवटच्या आठवड्यात एकदा गाळणी आपटता आपटता ती म्हणाली, "पिशवीवर माझा विश्वास नव्हता कधी. हाताला लागायची तेव्हाच कळायचं, प्लास्टिक आहे. पण तुम्ही म्हणालात, म्हणून मी हाताचं ऐकलं नाही."

तार्खेलिया म्हणाली, "माझंही तसंच झालं."

आसुन्सिओनने त्या वर्षी त्या वाफ्यांत गाजरं लावली नाहीत. वेदीवर वाहायची पांढरी लिली लावली. खायच्या वस्तू तिथे पुन्हा कधी घ्यायच्या ते बघू म्हणाली, आणि खत मागितलं नाही.

पुढे हळूहळू बायका पुन्हा विचारायला यायला लागल्या, सगळ्या नाही, पण काही. ओतिलिया घोसाळ्याचा घासा घेऊन आली, सुंदर कागदात गुंडाळलेला. हा तरी चांगला ना, म्हणाली. तार्खेलियाने कागद वेगळा केला, घासा बांधला होता तो दोरा वेगळा केला, आणि सांगितलं की तीन महिने मातीत, मग बादलीत, मग चमच्यात. त्याआधी मला काही माहीत नाही.

"अगं, माझ्या बहिणीने पाठवलाय तो," ओतिलिया म्हणाली.

"मग सहा महिने."

ओतिलिया हसली. तार्खेलिया हसली नव्हती हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी यादिरा पातेलं घेऊन दारात आली. जांभळ्या मक्याची कोलादा, अननस आणि दालचिनी घातलेली, अजून वाफाळत होती. दरवर्षी लास्तेनियाकडून हे पातेलं यायचं, लिसार्दो होता तेव्हापासून, आणि दरवर्षी तार्खेलिया ते भरून परत पाठवायची, कधी काढ्याच्या जुड्यांनी, कधी अंड्यांनी, एकदा तर शेगडीवरच्या गरम टॉमेटोच्या जॅमने. रिकामं भांडं परत पाठवायचं नाही, हे सांगावं लागत नव्हतं.

यादिराने पातेलं टेबलावर ठेवलं आणि उभीच राहिली. आईने सांगितलंय की तुम्ही घ्या एवढंच, ती म्हणाली. बाकी काही सांगितलेलं नव्हतं. तार्खेलियाने तिला बसवलं, दोन वाट्या काढल्या, एक तिच्यासमोर ठेवली आणि दुसरी स्वतः प्यायली. चव तीच होती, लास्तेनियाच्या हातची, लवंग जरा पुढे. उरलेली तिने आपल्या भांड्यात ओतून घेतली, कारण अन्न टाकायचं नव्हतं आणि पोरीचा काही गुन्हा नव्हता.

मग तिने पातेलं मोरीत नेलं, राखेने घासलं, दोनदा विसळलं, फडक्याने आतून बाहेरून कोरडं केलं आणि झाकण लावून यादिराच्या हातात दिलं. यादिराला वजनावरून कळलं. तरी तिने दारात थांबून झाकण उचललं, आत पाहिलं, पुन्हा झाकलं, आणि पातेलं छातीशी धरून गल्ली उतरून गेली.